हरित द्रावकाचे सिम्युलेशन: आधी ताळा, मग दावा

औषधाच्या कारखान्यात आत जाणाऱ्या सगळ्या मालाचे वजन केले, तर त्यात सर्वांत मोठा वाटा मूळ रसायनांचा निघत नाही, द्रावकांचा निघतो. अभिक्रियेला द्रावक, धुवायला द्रावक, अर्क काढायला द्रावक आणि शेवटी स्फटिक मिळवायलाही द्रावकच. ऊर्ध्वपातनाने परत मिळतो तेवढा मिळतो. उरलेला हवेत जातो, सांडपाण्यात जातो किंवा जाळावा लागतो. तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ इथल्या रासायनिक वसाहतींच्या आसपास राहणाऱ्यांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

पॉल अ‍ॅनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८मध्ये हरित रसायनशास्त्राची १२ तत्त्वे मांडली. त्यातले पाचवे तत्त्व द्रावकांबद्दलच आहे: शक्य असेल तिथे द्रावक टाळा, वापरावाच लागला तर निरुपद्रवी वापरा. आता कायद्याचाही रेटा आहे. युरोपीय महासंघाने एनएमपी म्हणजे एन-मिथाइल पायरोलिडोनच्या वापरावर २०२०पासून आणि डीएमएफ म्हणजे डायमिथाइल फॉर्मामाइडच्या वापरावर डिसेंबर २०२३पासून कडक मर्यादा घातल्या आहेत. दोन्ही द्रावक गर्भाला घातक ठरले आहेत. त्यामुळे पर्यायांचा शोध जोरात सुरू आहे, आणि एकेक पर्याय बाटलीत ओतून तपासायला वेळ आणि पैसा दोन्ही अपुरे पडतात. संगणकाची गरज इथे लागते.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी, पीएच.डी.च्या सुरुवातीला किंवा कंपनीच्या संशोधन विभागात ज्यांना पहिल्यांदाच हरित द्रावकांचे सिम्युलेशन करायचे आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझे सांगणे एकच आहे. संगणकाने दिलेला आकडा मोजलेल्या आकड्याशी जुळवून पाहिल्याशिवाय त्यावर पुढचा एकही निष्कर्ष उभा करू नका. पुढच्या सगळ्या सूचना याच शिस्तीच्या आहेत.

प्रश्न आधी, पद्धत नंतर

बरेच प्रकल्प सॉफ्टवेअरपासून सुरू होतात. ग्रोमॅक्स शिकलो, आता त्यात काय चालवू, असा तो प्रवास असतो. तो उलटा करा. आधी प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. तुमचा प्रश्न बहुधा पुढीलपैकी एका गटात बसेल.

• अमुक पदार्थ कोणत्या द्रावकात विरघळेल? उमेदवार शेकडो असतील, तर हॅन्सन विद्राव्यता मापदंड किंवा कॉस्मो-आरएस वापरा. एका द्रावकाला काही सेकंद ते काही तास लागतात.

• द्रव आतून कसा रचलेला आहे, कोण कोणाशी हायड्रोजन बंध करतो, पाणी मिसळल्यावर काय बदलते? यासाठी मॉलिक्युलर डायनॅमिक्स, म्हणजे रेणूंच्या हालचालींचे सिम्युलेशन करावे लागते. काम काही दिवसांचे ते काही आठवड्यांचे.

• द्रावक किती दाट आहे (म्हणजे त्याची श्यानता), आयन त्यात किती वेगाने सरकतात? पद्धत तीच, पण सिम्युलेशन बरेच लांब आणि पुनःपुन्हा चालवावे लागते.

• बंध तुटतो का, प्रोटॉन इकडून तिकडे जातो का? इथे साधे फोर्स फील्ड (अणूंमधील बलांची नियमावली) कामाचे नाही, क्वांटम रसायनशास्त्राची गणिते हवीत. ती काहीशे अणू आणि काही दशक पिकोसेकंद एवढ्यावरच परवडतात.

प्रश्न आणि पद्धत यांची जोडी चुकली, तर महिनाभर संगणक चालवूनही हाती काही लागत नाही. विद्राव्यतेची क्रमवारी लावायला मॉलिक्युलर डायनॅमिक्स घेणे हा वेळेचा अपव्यय आहे. श्यानतेसाठी कॉस्मो-आरएसकडे जाण्यात अर्थच नाही, कारण त्या पद्धतीत काळ हे परिमाणच नाही.

पहिली चाळणी: कागदावरचे गणित

चार्ल्स हॅन्सन यांनी १९६७मध्ये मांडलेले मापदंड आजही उपयोगी आहेत. प्रत्येक द्रावकाला तीन आकडे असतात: लंडन बलांचा, ध्रुवीयतेचा आणि हायड्रोजन बंधांचा. एकक असते मेगापास्कलचे वर्गमूळ. दोन द्रावकांतले अंतर काढायचे, तर पहिल्या आकड्यांतील फरकाचा वर्ग करून त्याला ४ने गुणायचे, उरलेल्या दोन फरकांचे वर्ग त्यात मिळवायचे आणि बेरजेचे वर्गमूळ घ्यायचे. अंतर जितके कमी, तितके ते दोन द्रावक विरघळवण्याच्या बाबतीत सारखे.

उदाहरण करून पाहू. एनएमपीचे आकडे १८.०, १२.३ आणि ७.२. सेल्युलोजपासून तयार होणाऱ्या सायरीन या द्रावकाचे १८.८, १०.६ आणि ६.९. फरक ०.८, १.७ आणि ०.३. गणित केल्यावर अंतर निघते सुमारे २.४. आता एनएमपीची तुलना डीएमएफशी करा. डीएमएफचे आकडे १७.४, १३.७ आणि ११.३, अंतर सुमारे ४.५. म्हणजे कारखान्यात वर्षानुवर्षे एनएमपीच्या जागी वापरल्या जाणाऱ्या घातक डीएमएफपेक्षा, एनएमपीला वनस्पतीजन्य सायरीनच जवळचा आहे. पाच मिनिटांच्या आकडेमोडीतून एक खरा उमेदवार हाती आला.

पण या अंतरात काय दिसत नाही, तेही लगेच लिहून ठेवा. सायरीनची श्यानता २० अंश सेल्सिअसला सुमारे १४.५ सेंटिपॉइज आहे, एनएमपीच्या आठ-नऊ पट. गाळणे, ढवळणे, पंपाने खेचणे या कामांत हा फरक जाणवतो. ग्राफीनचे थर सुटे करताना मात्र हाच दाटपणा फायद्याचा ठरला आहे. दुसरे, सायरीन हा कीटोन आहे. तीव्र आम्लारी घातली की त्याचे रेणू एकमेकांशीच अभिक्रिया करू लागतात. हॅन्सनच्या तीन आकड्यांत यातले काहीच दिसत नाही. म्हणून चाळणीतून वर आलेल्या उमेदवारापुढे दोन रकाने आखा: "गणिताने काय सांगितले" आणि "गणिताला काय सांगता येत नाही". दुसरा रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चाळणी बारीक करायची असेल, तर कॉस्मो-आरएस घ्या. आंद्रेआस क्लाम्ट यांनी १९९५मध्ये मांडलेली ही पद्धत रेणूच्या पृष्ठभागावरील प्रभाराची वाटणी क्वांटम गणिताने काढते आणि तिच्यावरून मिश्रणातील वर्तनाचा अंदाज बांधते. तिची मुक्त स्वरूपातील आवृत्तीही उपलब्ध आहे. एक पथ्य पाळा: तिचे आकडे क्रमवारीसाठी वापरा. "अ हा ब पेक्षा चांगला" हे ती भरवशाने सांगते. "अ मध्ये नेमके इतके ग्रॅम विरघळेल" हे ठरवायला बाटली आणि तराजूच लागतात.

एक प्रकरण जवळून: कोलीन क्लोराइड आणि युरिया

आता मुख्य कामाकडे वळू. मॉलिक्युलर डायनॅमिक्स शिकायला डीप युटेक्टिक द्रावकांसारखा (म्हणजे मूळ घटकांपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रणांसारखा) दुसरा चांगला धडा नाही, कारण इथे सगळ्या अडचणी एकत्र भेटतात.

२००३मध्ये इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठातील अँड्र्यू अ‍ॅबट आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की कोलीन क्लोराइड आणि युरिया १:२ या प्रमाणात मिसळून गरम केले की त्यांचा स्वच्छ द्रव होतो. कोलीन क्लोराइड ३०२ अंशांना वितळते, युरिया १३३ अंशांना. मिश्रणाचा गोठणबिंदू त्यांनी नोंदवला १२ अंश सेल्सिअस. एक पदार्थ कोंबडीच्या खाद्यात जातो, दुसरा शेतात खत म्हणून. दोन्ही स्वस्त, दोन्ही निसर्गात विघटन पावणारे. या द्रवाला रेलीन म्हणतात. तो धातूंची काही ऑक्साइडेही विरघळवतो, त्यामुळे धातू परत मिळवण्याच्या कामात त्याच्याकडे आशेने पाहिले जाते.

पेटी किती मोठी? ३०० कोलीन, ३०० क्लोराइड आणि ६०० युरिया घ्या. कोलीनच्या आयनात २१ अणू, क्लोराइडचा १, दोन युरियांचे १६, असे एका संचात ३८. एकूण ११,४०० अणू झाले. एका संचाचा रेणूभार २५९.७. ३०० संचांचे वस्तुमान काढून त्याला १.२० ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर या घनतेने भागा. आकारमान सुमारे १०८ घन नॅनोमीटर येते आणि पेटीची बाजू सुमारे ४.७६ नॅनोमीटर. बलांच्या गणितासाठी १.२ नॅनोमीटरची मर्यादा ठेवली, तर ती पेटीच्या निम्म्या बाजूपेक्षा बरीच आत राहते. ही अट पाळलीच पाहिजे. हा हिशेब हाताने करा. पुढे पेटी भलतीच फुगली किंवा आक्रसली, तर चूक झाल्याचे लगेच लक्षात येईल.

सुरुवातीला रेणू पॅकमॉल या मोफत प्रोग्रॅमने ५.५ नॅनोमीटरच्या सैल पेटीत भरा. गच्च भरायचा प्रयत्न केला, तर अणू एकमेकांत अडकतात आणि पहिल्याच पावलाला ऊर्जा आभाळाला भिडते. सैल भरा आणि दाब लावून द्रवाला आपली घनता आपणच शोधू द्या.

फोर्स फील्ड कोणते? सर्वांत जास्त विचार करायचा निर्णय हाच. फोर्स फील्ड म्हणजे अणूंमधील बलांची नियमावली. साध्या नियमावलीत आयनांचे प्रभार पूर्ण +१ आणि −१ धरतात. खऱ्या द्रवात मात्र शेजाऱ्यांच्या ओढीने इलेक्ट्रॉनांचे ढग सरकतात, काही प्रभार इकडचा तिकडे जातो. तो परिणाम वगळून पूर्ण प्रभार ठेवले, की आयन एकमेकांना नको इतके घट्ट धरून बसतात आणि सिम्युलेशनमधला द्रव खऱ्या द्रवापेक्षा फार सुस्त होतो. यावरचा प्रचलित उपाय म्हणजे आयनांचे प्रभार ०.८च्या आसपास खाली आणणे. ब्रायन डोहर्टी आणि ओर्लांडो असेव्हेडो यांनी २०१८मध्ये डीप युटेक्टिक द्रावकांसाठी खास ओपीएलएस नियमावली प्रसिद्ध केली, तिच्यातही आयनांचे प्रभार ०.८च धरले आहेत. नवख्याने तिच्यापासून सुरुवात करणे उत्तम.

इथे एक चूक सर्रास होते: कोलीन एका नियमावलीतून आणि युरिया दुसऱ्या नियमावलीतून उचलणे. दोन नियमावल्यांचे अंतर्गत संकेत वेगळे असतात. वेगवेगळ्या अणूंच्या लेनार्ड-जोन्स आकड्यांची सरासरी ओपीएलएसमध्ये भूमितीय पद्धतीने काढतात. गॅफ या दुसऱ्या लोकप्रिय नियमावलीत आकारासाठी साधी सरासरी घेतात. एकाच रेणूत तीन बंधांच्या अंतरावर असलेल्या अणूंमधली विद्युत बले ओपीएलएसमध्ये निम्मी धरतात, गॅफमध्ये ०.८३३३ पट. या दोन्ही संकेतांच्या ओळी इनपुट फाइलमध्ये स्वतः वाचून पाहा. चुकीच्या संकेताने चालवलेले सिम्युलेशन कोसळत नाही, कुरकूर न करता संपते आणि चुकीचे आकडे देते.

चालवण्याचा क्रम. आधी ऊर्जा कमीत कमी करून घ्या. मग स्थिर आकारमानात तापमान आणा. त्यानंतर एक वातावरण दाबाखाली पेटी आकसू द्या. रेलीन दाट असल्याने खोलीच्या तापमानाला तो सुरुवातीच्या रचनेतच रुतून बसतो. म्हणून आधी ४०० केल्विनच्या वर नेऊन काही नॅनोसेकंद ढवळून घ्या आणि मग टप्प्याटप्प्याने खाली आणा. हायड्रोजनचे बंध ताठ धरले, तर २ फेम्टोसेकंदांचे पाऊल चालते. नाहीतर १चे घ्या. विद्युत बलांसाठी पार्टिकल मेश एवाल्डसारखी पद्धत हवीच, आयनी द्रवात तिच्याशिवाय चालत नाही. तापमानासाठी व्ही-रीस्केल किंवा नोझे-हूवर घ्या. बेरेंडसनची दाब-पद्धत फक्त सुरुवातीच्या स्थिरीकरणापुरती ठेवा, कारण तिच्यात आकारमानाचे चढउतार खरे उमटत नाहीत. मोजणीच्या टप्प्यात पॅरिनेलो-रहमान किंवा सी-रीस्केल लावा.

४०० केल्विनच्या वर नेण्याबद्दल एक गोष्ट मनात पक्की ठेवा. प्रयोगशाळेत रेलीन इतका तापवला, तर युरियाचे विघटन होऊन अमोनिया सुटेल. सिम्युलेशनमध्ये काहीच होणार नाही, कारण या नियमावलीत बंध तुटण्याची सोयच नाही. द्रावकाच्या टिकाऊपणाबद्दल या सिम्युलेशनच्या आधारे एक शब्दही लिहू नका.

ताळा: तीन पायऱ्या

आता मोजणीला लागण्याआधी पडताळणी.

पहिली पायरी घनता. २५ अंशांना रेलीनची मोजलेली घनता सुमारे १.२० ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. तुमची एक-दोन टक्क्यांत आली, तर पुढे चला. चार-पाच टक्क्यांचा फरक असेल, तर थांबा आणि तीन गोष्टी तपासा: प्रभारांची बेरीज शून्य आहे का, वर सांगितलेला सरासरीचा संकेत बरोबर आहे का, आणि मर्यादेपलीकडच्या लंडन बलांची दुरुस्ती चालू आहे का. फक्त एका तापमानावर समाधान मानू नका. चार-पाच तापमानांना घनता काढा आणि तिचा उतारही मोजलेल्या उताराशी ताडून पाहा. एका बिंदूवर आकडा योगायोगानेही जुळतो, उतार सहसा तसा जुळत नाही.

दुसरी पायरी रचना. क्लोराइडपासून किती अंतरावर कोणता अणू किती वेळा सापडतो, याचा आलेख म्हणजे रेडियल डिस्ट्रिब्युशन फंक्शन. कोलीनच्या हायड्रॉक्सिलमधला हायड्रोजन क्लोराइडपासून सुमारे ०.२२ नॅनोमीटरवर ठळक शिखर दाखवतो. युरियाचे हायड्रोजनही क्लोराइडभोवती गोळा होतात. पहिल्या शिखरापुढच्या दरीपर्यंत बेरीज केली, की सरासरी शेजारी किती ते कळते. हे ताडून पाहायला आधार आहे. बाथ विद्यापीठातील कॅरेन एडलर यांच्या गटाने २०१६मध्ये न्यूट्रॉन विवर्तनाच्या साहाय्याने रेलीनची रचना प्रसिद्ध केली आहे. हायड्रोजन बंध मोजताना निकष लिहून ठेवा. दाता आणि ग्राही अणूंमधले अंतर ०.३५ नॅनोमीटरच्या आत आणि कोन ३० अंशांच्या आत, हा रूढ निकष आहे. निकष बदलला की संख्या बदलते, म्हणून निकषाशिवाय सांगितलेली संख्या निरर्थक असते.

तिसरी पायरी गती, आणि बहुतेक जण घसरतात ते इथेच. २५ अंशांना पाण्याची श्यानता ०.८९ सेंटिपॉइज आहे. रेलीनची ७५०च्या आसपास, नमुना किती कोरडा आहे यावर बरीच खालीवर. इतक्या दाट द्रवात रेणू आपल्या शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यात बराच काळ अडकून राहतो. विसरणाचा गुणांक काढायला रेणूने कापलेल्या सरासरी वर्ग अंतराचा काळाशी आलेख काढतात आणि त्याच्या सरळ भागाच्या उताराला ६ने भागतात. पण तो भाग खरोखर सरळ आहे का, हे साध्या आलेखावर कळत नाही. दोन्ही अक्ष लॉगमध्ये घ्या. उतार १ आला, तरच खरे विसरण सुरू झाले आहे. ०.६ किंवा ०.७ असेल, तर रेणू अजून पिंजऱ्यातच आहे आणि तुम्ही काढलेला आकडा विसरणाचा नाही. अशा वेळी सिम्युलेशन लांबवा किंवा तापमान ३५० केल्विनच्या आसपास नेऊन त्याच तापमानाच्या मोजमापांशी तुलना करा.

पेटीच्या आकाराचाही परिणाम होतो. लहान पेटीत विसरण कमी दिसते. येह आणि हमर यांनी २००४मध्ये दिलेली दुरुस्ती लावा किंवा दोन-तीन आकारांच्या पेट्या चालवून अनंत पेटीकडे जाणारी रेघ काढा. श्यानता ग्रीन-कुबो पद्धतीने काढायची असेल, तर दाबाचे घटक काही फेम्टोसेकंदांच्या अंतराने साठवावे लागतात आणि वेगवेगळ्या सुरुवातींपासून अनेक सिम्युलेशने चालवावी लागतात. एका सिम्युलेशनमधून काढलेल्या श्यानतेला त्रुटीची मर्यादा नसते, आणि मर्यादा नसलेला आकडा तुलनेला घेता येत नाही.

पाण्याचा हिशेब चुकवू नका

कोलीन क्लोराइड हवेतली ओल झपाट्याने शोषते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात बाटली उघडी राहिली, तर पावडर बघता बघता ओलसर होते. त्यामुळे प्रयोगशाळेतला "रेलीन" आणि तुमच्या पेटीतला कोरडा रेलीन हे वेगळे द्रव असू शकतात.

वजनाने ५ टक्के पाणी ऐकायला किरकोळ वाटते. आपल्या पेटीत ते घालून पाहा: ३०० संचांना सुमारे २२८ पाण्याचे रेणू. म्हणजे दर चार कोलीनमागे तीन पाणी. आता ते किरकोळ राहत नाही. या पाण्याने श्यानता झपाट्याने खाली येते. म्हणून तुमचा आकडा मोजमापांशी जुळला नाही, तर फोर्स फील्डला दोष देण्याआधी त्या मोजमापात पाणी किती होते ते शोधा. कार्ल फिशर पद्धतीने पाणी मोजून नोंदवलेली मोजमापेच तुलनेला घ्या.

पाणी हा शत्रू नव्हे, तेही नीट समजून घ्या. एडलर यांच्या गटाने २०१७मध्ये दाखवले, की वजनाने सुमारे ४२ टक्के पाणी असेपर्यंत रेलीनची मूळ रचना बरीचशी टिकून राहते. सुमारे ५१ टक्क्यांच्या पुढे मात्र तो पाण्यात विरघळलेल्या क्षार-युरियाचे साधे द्रावण होतो. थोडे पाणी घालून श्यानता उतरवणे हा व्यवहारातला उपयोगी मार्ग आहे. पाण्याचे पाच-सहा टप्पे घेऊन रचना आणि विसरण कसे बदलते ते पाहणे, हा एम.एस्सी.च्या प्रकल्पाला पुरेसा आणि खऱ्या उपयोगाचा विषय आहे.

"हरित" हे संगणक ठरवत नाही

घनता, रचना, विसरण, विद्राव्यता हे सगळे संगणक सांगेल. द्रावक माणसाला आणि नदीला निरुपद्रवी आहे का, हे यातला एकही आकडा सांगत नाही. आयनी द्रवांचा, म्हणजे केवळ आयनांनी बनलेल्या द्रवांचा, इतिहास इथे डोळे उघडणारा आहे. त्यांची वाफ जवळजवळ होत नाही, एवढ्यावरून त्यांना सरसकट हरित म्हटले गेले. पुढे लक्षात आले, की हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट असलेले आयनी द्रव पाण्याच्या संपर्कात विघटन पावून हायड्रोजन फ्लुओराइड सोडू शकतात. हाडापर्यंत इजा करणारे हे रसायन आहे. एक गुण पाहून दिलेले प्रमाणपत्र किती महागात पडते, हे यातून शिकावे.

म्हणून प्रत्येक उमेदवारासाठी सिम्युलेशनच्या बाहेरचे चार प्रश्न वेगळ्या पानावर सोडवा. कच्चा माल कुठून येतो? विषारीपणा आणि जैवविघटन यांची मोजमापे आहेत का? वापरल्यावर द्रावक परत कसा मिळवणार? वापरातून बाद झाल्यावर त्याचे काय करणार? औषध उद्योग आणि विद्यापीठांच्या चेम२१ या युरोपीय प्रकल्पाने २०१६मध्ये प्रसिद्ध केलेली द्रावक-निवड मार्गदर्शिका यासाठी चांगली सुरुवात आहे. सुरक्षितता, आरोग्य आणि पर्यावरण या तीन निकषांवर ती द्रावकांची वर्गवारी करते.

परत मिळवण्याचा प्रश्न रेलीनसारख्या द्रावकांना सर्वांत जड जातो. वाफ होत नाही हा गुण हवेसाठी चांगला, पण त्यामुळेच द्रावक ऊर्ध्वपातनाने शुद्ध करून घेता येत नाही. याउलट २-मिथाइल टेट्राहायड्रोफ्युरान सुमारे ८० अंशांना उकळते आणि सहज परत मिळते. ते फुरफुरालपासून तयार करता येते, आणि फुरफुराल मक्याच्या बुरकुंडांपासून आणि उसाच्या चिपाडापासून मिळते. साखर कारखान्यांच्या प्रदेशात राहणाऱ्या संशोधकाने या द्रावकाकडे आवर्जून पाहावे. आपल्याकडे चिपाड बहुतांशी बॉयलरमध्ये जाते. त्याच्या एका हिश्श्यातून द्रावक तयार होऊ शकतो का, याचा विचार आपल्याच भागात व्हायला हवा.

साधने आणि संगणक

पैशांअभावी हे काम अडत नाही. सिम्युलेशनसाठी ग्रोमॅक्स किंवा लॅम्प्स, पेटी भरायला पॅकमॉल, चित्र पाहायला व्हीएमडी, विश्लेषणाला पायथॉन. शैक्षणिक कामासाठी हे सगळे मोफत मिळते. ११,४०० अणूंची पेटी साध्या लॅपटॉपवर दिवसाला काही नॅनोसेकंद चालते. बरे ग्राफिक्स कार्ड असेल, तर वेग कैक पटींनी वाढतो. सराव आणि घनतेची पडताळणी लॅपटॉपवर करा. लांब सिम्युलेशनांसाठी राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग मिशनच्या यंत्रणांकडे मार्गदर्शकांमार्फत विचारणा करा. त्यांपैकी परम ब्रह्म हा संगणक पुण्याच्या आयसरमध्ये आहे. अर्जासोबत लॅपटॉपवर केलेल्या पडताळणीचे आलेख जोडा. त्यामुळे मागणीला वजन येते आणि सार्वजनिक यंत्राचा वेळ वाया जात नाही.

अहवाल लिहिताना

तुमचे काम दुसऱ्याला जसेच्या तसे पुन्हा करता आले पाहिजे. म्हणून पुढील गोष्टी अहवालात असाव्यातच:

१. रेणूंची संख्या, पेटीची बाजू, तापमान, दाब आणि पाण्याचे प्रमाण.

२. फोर्स फील्डचे नाव, प्रभार किती पटीने कमी केले, सरासरीचा संकेत कोणता.

३. स्थिरीकरण किती नॅनोसेकंद, मोजणी किती, स्वतंत्र सिम्युलेशने किती. तीनपेक्षा कमी नकोत.

४. प्रत्येक आकड्याची त्रुटी-मर्यादा.

५. मोजलेल्या आकड्यांशी तुलनेचा तक्ता, न जुळलेल्या आकड्यांसह.

६. या सिम्युलेशनवरून काय सांगता येत नाही, याचा एक स्वतंत्र परिच्छेद.

पाचवा आणि सहावा मुद्दा गाळण्याचा मोह होतो, मार्गदर्शकही कधी कधी तसे सुचवतात. गाळू नका. घनता जुळली पण विसरण निम्मेच आले, हे प्रामाणिकपणे लिहिलेले पान पुढच्या विद्यार्थ्याचे कैक महिने वाचवते.

सुरुवात कुठून करायची, असे विचाराल, तर युरियाऐवजी एथिलीन ग्लायकॉल घेऊन केलेल्या १:२ मिश्रणापासून करा. त्याला एथालीन म्हणतात. २५ अंशांना त्याची श्यानता ४० सेंटिपॉइजच्या आत, म्हणजे रेलीनच्या जवळपास विसावा हिस्सा. रेणू लवकर हलतात, आलेख लवकर सरळ होतात, चुका लवकर दिसतात. त्याची घनता जुळवा, मग विसरण जुळवा आणि त्यानंतरच रेलीनला हात घाला. तुमच्या शिफारशीवरून उद्या एखाद्या कारखान्यात टनावारी द्रावक बदलला जाईल, तो रोज हाताळणारे कामगार असतील आणि त्यांच्या खालच्या अंगाला एखादी नदी असेल. त्यांच्यापर्यंत तुमचा आकडा पोचणार आहे, म्हणून तो ताळा केलेलाच असला पाहिजे.